ठिणगीलाही वापसा असतो

आभाळ भरून आलेले असते. मृग बहार धरलेल्या डाळिंबाच्या बागेत कळी दिसू लागलेली असते. उद्या पाऊस उतरला तर तेल्या डोके वर काढणार, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. बॅरलमध्ये औषध कालवून ठेवलेले असते, गडीमाणसे तोंडाला फडकी बांधून उभी असतात, आणि नेमके त्याच वेळी फवारणी पंपाचे इंजिन दोरीला दाद देत नाही. दहा वेळा ओढावे तर अकराव्या वेळी 'फट्' असा आवाज काढून ते उलटा झटका देते. दोरी हातातून हिसकली जाते आणि बोटे सोलवटून निघतात. मग गावातल्या मेस्त्रीला बोलावणे जाते. तो येतो, फ्लायव्हीलच्या झाकणाकडे एक नजर टाकतो आणि निदान सांगून मोकळा होतो, "मालक, टायमिंग गेलंय बघा."

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ, कुठल्याही तालुक्यातल्या बागाईतदाराला हे दृश्य ओळखीचे वाटेल. पूर्वी माणसाला काहीही झाले की 'अंगात कसर आहे' म्हणत, तसे हल्ली लहान इंजिनाला काहीही झाले की 'टायमिंग गेलं' म्हणतात. निदान कधी खरे ठरते, पुष्कळदा ठरत नाही. पण तेवढ्या शब्दावर झाकण उघडले जाते, पॉइंट घासले जातात, पट्टी सरकवली जाते, आणि आधी एक दुखणे होते तिथे दोन होऊन बसतात. फवारणीची वेळ निघून जाते ती वेगळीच. या दुखण्याचा नीट विचार व्हावा, कारण आज आपल्या शेतीतली फवारणी, कोळपणी, गवत कापणी अशी कितीतरी कामे या दहा-वीस किलोच्या इंजिनांवर येऊन ठेपली आहेत.

टायमिंग म्हणजे काय?

आपल्याकडे इंजिन म्हटले की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे विहिरीवरचे डिझेल इंजिन येते. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली, आणि पुढे मोटेची जागा इंजिनाच्या ठकठकीने घेतली. आपले बहुतेक गावठी मेस्त्री त्याच इंजिनांवर हात बसवून तयार झाले. पण डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तिथे हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. तिथले टायमिंग म्हणजे डिझेल कधी फवारायचे याची वेळ, आणि ती पंपाखालच्या पातळ चकत्या कमीजास्त करून बसवतात.

पेट्रोलच्या इंजिनाचे गणित निराळे. तिथे प्लगची ठिणगी पडते तेव्हा जाळ होतो. आणि ही ठिणगी पिस्टन अगदी वर पोचल्यावर पडून चालत नाही, थोडी आधी पडावी लागते. कारण पेट्रोल आणि हवेचे मिश्रण एका झटक्यात पेटत नाही. प्लगपासून निघालेला जाळ सगळीकडे पसरायला वेळ लागतो. पिस्टन वर पोचून खाली वळला की लगेच जाळाचा पुरा दाब त्याच्या डोक्यावर बसला पाहिजे. म्हणून बऱ्याच लहान पेट्रोल इंजिनांत पिस्टन वरच्या टोकाला यायच्या २० ते २५ अंश आधी ठिणगी पडेल अशी रचना असते. मिनिटाला ३००० फेऱ्या घेणारे इंजिन सेकंदाला ५० वेळा फिरते. त्यात २० अंश म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा किंचित जास्त वेळ. सगळा खेळ तेवढ्यात आटपतो.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. त्याचे सारे आयुष्य वापसा ओळखण्यात गेले आहे. ओल जास्त असताना तिफण घातली तर चिखल होतो, वापसा उडून गेल्यावर घातली तर बी उगवत नाही. रब्बीच्या ज्वारीला चार दिवसांचा फरक किती भोवतो, हे सोलापूरच्या माणसाला कोणी सांगायला नको. ठिणगीलाही असाच वापसा असतो.

ठिणगी लवकर पडली तर उतावळ्या नवऱ्याची गत होते. पिस्टन अजून वर चढत असतानाच जाळ त्याला खाली दाबू पाहतो. चालू करताना इंजिन सावकाश फिरत असते, तेव्हा हा दाब त्याला उलटे फिरवतो आणि दोरीचा झटका बसतो. चालू झाले तरी भार पडताच आतून खडखड ऐकू येते, डोके तापते, आणि कोणी लक्ष दिले नाही तर पिस्टनला भोकसुद्धा पडते. ठिणगी उशिरा पडली तर बैल गेल्यावर झोपा केल्यासारखे होते. पिस्टन खाली निघून गेल्यावर जाळ होतो, जोर लागत नाही, आणि न वापरलेली उष्णता सायलेन्सरवाटे बाहेर पडते. सायलेन्सर लाल होतो, त्यात फटाके वाजतात, पेट्रोल जास्त पिते आणि पंपाचा दाब काही चढत नाही.

रॉकेल गेले, इंजिन राहिले

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ही दुखणी कारखान्यातून आलेल्या कोऱ्या इंजिनात क्वचित होतात. ती होतात बदल केलेल्या इंजिनात, आणि आपल्याकडे बदल न केलेले इंजिन शोधावे लागेल.

याला शेतकऱ्याची हौस कारण नाही, गरज कारण आहे. एके काळी पेट्रोलवर सुरू करायचे आणि तापले की कॉक फिरवून रॉकेलवर न्यायचे, अशी लहान इंजिने गावोगाव आली. रॉकेल स्वस्त होते. ते लवकर खडखडते म्हणून या इंजिनांत दाब मुद्दाम कमी ठेवलेला असे आणि ठिणगीची वेळही त्याच हिशेबाने बांधलेली असे. पुढे रेशनचे रॉकेल आटत गेले, भाव वाढले आणि कॉक कायमचा पेट्रोलकडे वळला. कमी दाबाच्या इंजिनात महाग पेट्रोल जाळणे परवडेना, तेव्हा कोणी हेड घासून घेतले, कोणी पातळ गॅस्केट टाकले. दाब वाढला, जोरही वाढला. पण दाब वाढला की मिश्रण जास्त वेगाने पेटते आणि ठिणगी थोडी उशिरा पडावी लागते. ती जुन्याच जागी राहिली. मग दोरी झटके देऊ लागली. इथे 'टायमिंग गेलं' असे म्हणतात, पण टायमिंग कुठेच गेलेले नाही. ते आपल्या जागी आहे, त्याच्याभोवतीचे सगळे बदलले आहे.

दुसरी तऱ्हा मोपेडच्या इंजिनाची. जुन्या मोपेडचे इंजिन काढून कोळप्याला बसवलेले पुष्कळांनी पाहिले असेल. कल्पना झकास आहे. पण ते इंजिन रस्त्यावर पळताना लागणाऱ्या वाऱ्याने थंड राहायचे. शेतात ते माणसाच्या चालीने चालते, भार पुरा आणि वारा नाही. तासाभरात तापते आणि दम टाकते. मेस्त्री पुन्हा टायमिंग फिरवतो, आणि खरे औषध असते एका पंख्यात आणि पत्र्याच्या आडोशात.

तिसरी तऱ्हा सुट्या भागांची. हल्लीच्या इंजिनांत पॉइंट नसतात. कॉइल किंवा सीडीआयचा डबा असतो आणि टायमिंग कारखान्यातच कायमचे बांधलेले असते. ते फिरवायला पट्टीच नसते. मूळ कॉइल जळाली की बाजारात 'बसतंय' म्हणून दुसऱ्याच मॉडेलची कॉइल किंवा फ्लायव्हील बसवले जाते. स्क्रूची भोके जुळतात, लोहचुंबकाची जागा जुळत नाही.

या खटाटोपाला नावे ठेवणाऱ्यांत आम्ही नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून किक मारून चालू होणारी चारचाकी उभी केली, आणि २०२२ साली महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली, हे सगळ्या देशाने पाहिले. ही बुद्धी आपल्या मातीतली आहे. आमचे म्हणणे एवढेच, की इंजिनातली एक वस्तू बदलली तर बाकीच्या चार वस्तूंचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. दाब, इंधन, ठिणगी आणि थंडावा ही चार भावंडे एकाच चुलीवर जेवतात. एकाचे ताट वाढले की दुसऱ्याचे बघावे लागते.

आपल्याच उसाचे पाणी

या हिशेबात गेल्या काही वर्षांत एक नवी भर पडली आहे, आणि ती थेट आपल्या शेतातून आली आहे. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. कारखान्यांतून इथेनॉल निघते, ते पेट्रोलमध्ये मिसळते. देशात २०२२ साली हे प्रमाण १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. उसाला भाव मिळायला याचा आधार आहे, तेव्हा इथेनॉलला शिव्या देणे सोलापूरच्या शेतकऱ्याला शोभणार नाही. पण आपल्या उसाचे इथेनॉल आपल्याच फवारणी पंपाच्या टाकीत परत येते तेव्हा काय होते, हे त्याला कोणी तरी सांगितले पाहिजे.

इथेनॉल खडखडाट वाढवत नाही, उलट कमी करते. म्हणून 'नवं पेट्रोल आलंय, टायमिंग मागं घ्या' हा सल्ला चुकीचा आहे. त्रास निराळा होतो. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, आणि लिटरमागे उष्णता साध्या पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. जुन्या कार्बोरेटरचे जेट साध्या पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेले असते. त्यातून २० टक्क्यांचे पेट्रोल गेले की मिश्रण पातळ पडते. पातळ मिश्रणाने इंजिन जास्त तापते, चालू व्हायला कुरकुरते, भार घेताना अडखळते. लक्षणे हुबेहूब टायमिंग बिघडल्यासारखी.

दुसरे म्हणजे इथेनॉल पाणी ओढते. हंगाम संपल्यावर टाकीत चार महिने पेट्रोल ठेवले आणि पावसाळी हवा लागली तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात. इंजिन तळातूनच ओढते. ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाला तर हे विषच, कारण तळातल्या त्या थरात ऑइल जवळजवळ नसते. पिस्टन कोरडा घासतो आणि जाम होतो. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगतात, चिरतात, ते आणखी वेगळे.

अमेरिकेत १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉलचे पेट्रोल अशा लहान इंजिनांत घालायला कायद्याने बंदी आहे, आणि १५ टक्क्यांच्या पंपावर तसा ठळक इशारा चिकटवलेला असतो. आपल्याकडेही अनेक यंत्रांच्या पुस्तिकेत '१० टक्क्यांपर्यंत' असे छापलेले आढळते. पण ती पुस्तिका इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि यंत्राच्या खोक्याबरोबर उकिरड्यावर गेलेली. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यात मोटारी आणि दुचाकींचे मायलेज किती घटेल याचे आकडे दिले. फवारणी पंपाच्या मालकाच्या हातात तसा एकही आकडा कोणी आणून दिलेला नाही.

झाकण उघडण्याआधी

म्हणून शेतकरी बंधूंना आणि मेस्त्री मंडळींना आमचे सांगणे, की टायमिंग सगळ्यात शेवटी बघा. क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाच मिनिटे स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर दुखणे सापडले. टाकी आणि कार्बोरेटर धुऊन ताजे पेट्रोल घाला. मग टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक, फिल्टर आणि जेट साफ करा. कार्बोरेटर जिथे इंजिनाला टेकतो तिथले गॅस्केट फाटले असेल तर तिथून हवा शिरते आणि मिश्रण पातळ होते.

दुसऱ्यांदा प्लग काढून रंग बघा. विटकरी तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ किंवा इंजिन तापते आहे. काळा, ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त. प्लगची गॅप पुस्तिकेप्रमाणे फीलर गेजने मोजा, अंदाजाने ठोकू नका. ठिणगी तपासताना पेट्रोलचा डबा लांब ठेवा. भर दुपारी बागेत भडका उडाला तर टायमिंगचा विषयच संपायचा.

तिसऱ्यांदा दाब बघा. दोरी सावकाश ओढताना हाताला अडकल्यासारखे वाटले पाहिजे. सैल जात असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह गेले आहेत, ठिणगी कितीही फिरवून उपयोग नाही.

एवढे सगळे नीट असेल तरच फ्लायव्हील उघडा. तिथे आधी चावी पाहा. फ्लायव्हील आणि शाफ्ट यांच्यामध्ये अर्धचंद्रासारखी छोटी लोखंडी चावी असते. नट सैल राहिला किंवा पाते दगडाला अडकून इंजिन एकदम थांबले, की ही चावी कातरते. फ्लायव्हील किंचित सरकते आणि टायमिंग खरोखरच जाते. पॉइंट नसलेल्या इंजिनातही हे होऊ शकते. चावी स्वस्त असते, पण न बघता नवी कॉइल घातली तर खिशाला चाट.

पॉइंटचे इंजिन असेल तर पॉइंटची गॅप मोजा. बऱ्याच लहान इंजिनांत ती ०.३ ते ०.४ मिलिमीटर असते. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी लवकर पडते. घासून गॅप कमी झाली की उशिरा पडते. खूण जुळते का पाहायला पॉइंटमध्ये पातळ कागदाचा कपटा धरा आणि फ्लायव्हील चालीच्या दिशेने हळूहळू फिरवा. खूण समोर येते त्याच क्षणी कपटा सुटला पाहिजे.

खूणच पुसली असेल, किंवा फ्लायव्हील दुसऱ्याचे असेल, तर सुतळीचे गणित करा. प्लगच्या भोकातून बोथट काडी सोडून पिस्टनचे वरचे टोक पक्के करा आणि तिथे फ्लायव्हीलवर खडूची रेघ ओढा. फ्लायव्हीलचा घेर सुतळीने मोजा. समजा तो ५४ सेंटिमीटर भरला, तर ३६० ने भागून एक अंश म्हणजे दीड मिलिमीटर, आणि २० अंश म्हणजे ३ सेंटिमीटर. चालीच्या दिशेने फिरवताना ती रेघ जागेवर यायला ३ सेंटिमीटर बाकी असताना ठिणगी पडली पाहिजे. आपल्या इंजिनाला किती अंश लागतात, तो आकडा मात्र पुस्तिकेतूनच घ्यावा. हेड घासलेले असेल तर त्याच्या दोन-तीन अंश मागे घेऊन भार देऊन बघावे. खडखड थांबली आणि जोरही टिकला की तिथेच थांबावे. याला महागडे यंत्र लागत नाही. सुतळी, खडू आणि थोडा धीर पुरतो.

आकडे कोणाच्या मालकीचे?

सगळ्याचे मूळ इथे आहे. हा एक आकडा, इतके अंश, इतकी गॅप, इतके टक्के इथेनॉल चालेल, शेतकऱ्याच्या हातात नाही. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाशचे आकडे मोठ्या अक्षरात छापलेले असतात. औषधाच्या बाटलीवर विषाचा त्रिकोण असतो. मग हजारो रुपयांच्या इंजिनावर मराठीत चार ओळी का नसाव्यात?

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. इंजिन विकणाऱ्यांनी टाकीवर न पुसणारी मराठी पट्टी लावावी. तिच्यावर ठिणगीचे अंश, प्लग आणि पॉइंटची गॅप, ऑइलचे प्रमाण आणि इथेनॉलची मर्यादा असावी. यंत्राला सरकारी अनुदान मिळवायचे असेल तर ही पट्टी सक्तीची करावी. पेट्रोल पंपांवर इथेनॉलचे प्रमाण दिसेल असे लिहावे, आणि लहान इंजिनवाल्यांसाठी सूचना असावी. जिल्ह्यातल्या आयटीआय आणि कृषी विज्ञान केंद्रांनी बहार धरण्याच्या महिनाभर आधी गावोगाव इंजिन तपासणीची शिबिरे भरवावीत. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. फवारणी कधी आणि कशाची करायची, याचा सल्ला शास्त्रज्ञ देतात. तो सल्ला बागेपर्यंत पोचवणारे इंजिन चालते का, याची चौकशी मात्र कोणाच्याच खात्यात नाही. यंत्राच्या खरेदीला अनुदान आहे, यंत्र दुरुस्त करणाऱ्या हाताच्या शिक्षणाकडे कोणाचे लक्ष नाही.

गावातल्या मेस्त्रीलाही दोन शब्द. त्याच्यावर आमचा राग नाही. त्याला कोणी शिकवले नाही, तो चुकत चुकत शिकला, आणि रात्री-अपरात्री हाकेला धावून आला. तो नसता तर निम्मी यंत्रे भंगारात गेली असती. पण त्यानेही 'अंदाजानं बसवलं' हे अभिमानाने सांगणे सोडावे. एक फीलर गेज बाळगावे, आणि कोणत्या इंजिनात काय बदल केला, किती अंशावर ठेवले, हे वहीत मांडून ठेवावे. पुढच्या खेपेला तीच वही त्याचे आणि गिऱ्हाइकाचे दोघांचे पैसे वाचवील.

बागाईतदाराने आपल्या परीने एवढे करावे, की हंगाम संपला म्हणजे टाकी रिकामी करून इंजिन कोरडे चालवून बंद करावे, आणि पुढच्या बहाराआधी पंधरा दिवस ते एकदा चालू करून बघावे. आभाळ भरून आल्यावर दोरी ओढायला घेतली तर दोष इंजिनाला देऊन भागणार नाही. पाऊस काही कोणाच्या मेस्त्रीसाठी थांबत नाही.